रोलर शाफ्ट तिसऱ्याच हंगामात तुटला, मटेरियल ओके, लोडही कमी – मग क्रॅक वाढला कसा आणि दुसऱ्या शाफ्टवर हंगाम काढावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. साखर कारखान्यात मिलचा टॉप रोलर शाफ्ट, म्हणजे ऊस दाबणाऱ्या वरच्या रोलरचा दांडा, तिसऱ्या हंगामात जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) खांद्यापाशी, म्हणजे व्यास बदलतो तिथे, तुटला. केमिकल आणि टेन्साइल दोन्ही रिपोर्ट बरोबर, डिझाइनप्रमाणे स्ट्रेस (आतला ताण) यील्डच्या, म्हणजे स्टील कायमचं वाकायला लागतं त्या मर्यादेच्या, चौथ्या हिश्श्याच्या आसपास, त्या शिफ्टला मिलमध्ये लोखंड किंवा दगड आल्याची नोंद नाही. शाफ्ट देणारा म्हणतो तुम्ही ओव्हरलोड केला, तुम्ही म्हणता फोर्जिंग खराब. आणि आता दुसऱ्या एका शाफ्टमध्ये ऑफ सीझनच्या यूटीत (अल्ट्रासोनिक तपासणीत) साधारण ६ मिलिमीटरचं इंडिकेशन, म्हणजे भेगेसारखा सिग्नल, आलंय, मोळी टाकायला दोन महिने राहिलेत, तर हा शाफ्ट चालवावा की नाही.

मी मिल हाऊस आणि तुटलेल्या पार्टची तपासणी ह्या दोन्हीत बरीच वर्षं काढलीत. माझं मत असं की चूक कोणाची हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा, तो तुटलेला तुकडाच सांगेल, खाली लिहितो कसा ते. खरा प्रश्न हा आहे की जो क्रॅक दिसलाय तो किती वेगाने वाढतोय आणि तुमच्याकडे किती दिवस आहेत. कारण तुटलेला शाफ्ट त्या रात्री तुटला असं आपण म्हणतो पण तो बहुतेक पहिल्या नाहीतर दुसऱ्या हंगामापासूनच आतून कापला जात होता, त्या रात्री फक्त उरलेला भाग गेला.

यील्डच्या चौथ्या हिश्श्यात स्टील तुटतंच कसं, हे बऱ्याच लोकांना पटत नाही. टॉप रोलरवर दोन्ही बेअरिंगला हायड्रॉलिकचा दाब वरून खाली आणि मध्ये उसाचा रेटा खालून वर, म्हणजे शाफ्ट वाकायला बघतो. वाकतो फारच थोडा, पण तो फिरत असल्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मिल ४ आरपीएमने चालली तर दिवसाला ५,७६० फेरे, १५० दिवसांचा हंगाम धरला तर ८ लाख ६४ हजार. तीन हंगामात २५ लाखांच्या वर. लोड किती, हे सगळे बघतात, पण तो किती वेळा येऊन गेला हे कोणी मोजत नाही आणि फटीगमध्ये, म्हणजे परत परत येणाऱ्या ताणाने पार्ट हळूहळू तुटतो त्यात, तेच मोजायला लागतं.

हे रेल्वेवाल्यांना फार आधी भोगावं लागलंय. मे १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला आणि मोठा अपघात झाला. तेव्हा लोक म्हणायचे की धावून धावून लोखंडाचा पोतच बदलतो, ते ठिसूळ होतं. रँकिन ह्या स्कॉटिश इंजिनिअरने १८४३ मध्ये तुटलेले अ‍ॅक्सल बघून दाखवलं की भेग जर्नलच्या काटकोनी खांद्यापाशी पृष्ठभागावर सुरू होते आणि हळूहळू आत सरकते, म्हणून तिथे मोठी गोलाई द्या. जागा बघा, तुमचा शाफ्ट तुटलाय तीच. पुढे जर्मनीत व्होलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षं अ‍ॅक्सलचे नमुने फिरवून फिरवून तोडले आणि सिद्ध केलं की जास्तीत जास्त स्ट्रेसपेक्षा स्ट्रेस किती खालीवर होतो, म्हणजे त्याची रेंज, ती जास्त महत्त्वाची.

आता क्रॅक सुरू कसा होतो. स्टीलच्या पृष्ठभागावर काही कण असे असतात की बाकी सगळं इलॅस्टिक असलं तरी त्यांच्यात थोडी घसरण होते. ताण आला की एका दिशेने घसरतात, सुटला की परत येतात, पण पूर्ण जुन्या जागी नाही. असं लाखो वेळा झालं की पृष्ठभागावर बारीक उंचवटे आणि चरे तयार होतात आणि त्यातला एखादा चरा म्हणजेच भेग. सुरुवातीला ती साधारण ४५ अंशात तिरकी जाते, काही कण पार केले की वळून ताणाच्या बरोबर काटकोनात येते आणि मग सरळ आत जाते. चांगल्या पॉलिश केलेल्या, कोरड्या, मोठ्या गोलाईच्या पार्टमध्ये बहुतेक आयुष्य ह्या पहिल्या टप्प्यातच जातं, कधीकधी भेग पुढे सरकतच नाही.

पण मिल शाफ्टला असली चैन नसते. उसाचा रस आम्लधर्मी असतो, पीएच ५ च्या थोडा वर. तो रस अडवणाऱ्या ज्यूस रिंगमधून झिरपून जर्नलच्या खांद्यापर्यंत आणि शेलच्या (शाफ्टवर बसवलेल्या दातांच्या कवचाच्या) कडेखाली जातो, तिथे बारीक खड्डे पडतात. शेल श्रिंक फिट केलेलं, म्हणजे गरम करून घट्ट बसवलेलं, असलं तरी वाकण्यामुळे कडेजवळ शाफ्ट आणि शेल एकमेकांवर अगदी किंचित घासतात, त्या घासण्यातूनही भेगा सुरू होतात. त्यात लेथवरच्या टूल मार्कची भर. म्हणजे सुरू होण्यासाठी जो वेळ लागायला हवा तो बराचसा आधीच खाल्लेला असतो. आणि कोरड्या हवेत स्टीलला जी एन्ड्युरन्स लिमिट असते, म्हणजे त्याच्या खाली कितीही फेरे झाले तरी चालतं अशी मर्यादा, ती गंजणाऱ्या वातावरणात धरताच येत नाही. म्हणून ड्रॉइंगवर सेफ दाखवणारा शाफ्ट रसात सेफ असेलच असं नाही.

भेग एकदा आत वळली की हिशोब बदलतो. कापड दुकानदार कात्रीने बारीकशी चीर देतो आणि मग हाताने अख्खं कापड फाडतो, तसं इथे सगळा ताण भेगेच्या टोकावर गोळा होतो. टोकापाशी स्टील यील्ड होतं, ताण आला की टोक उघडून बोथट होतं आणि पुढे थोडी नवी जागा तयार होते, ताण गेला की मिटून परत टोकदार होतं. प्रत्येक फेऱ्याला एवढंच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ह्या एकेका पावलाच्या रेषा दिसू शकतात.

हे पाऊल किती मोठं असेल ते अमेरिकेतल्या पॉल पॅरिसने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. भेगेच्या टोकावरच्या ताणाची तीव्रता, जिला डेल्टा के म्हणतात, ती दोन गोष्टींवर ठरते, स्ट्रेसची रेंज आणि भेगेच्या खोलीचं वर्गमूळ. आणि एका फेऱ्यातली वाढ ही डेल्टा के च्या साधारण तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते, म्हणजे स्टीलसाठी घात ३ च्या आसपास. तिसरा घात हाच सगळा घोळ करतो. स्ट्रेस दुप्पट झाला तर वेग आठपट, आणि स्ट्रेस २० टक्के कमी केला तर वेग जवळजवळ निम्मा. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता आकडे टाकून बघू. समजा भेग उघडणारा ताण ८० मेगापास्कल आहे, भेग पृष्ठभागावरची अर्धगोल म्हणून आकाराचा गुणक ०.७ धरला, आणि वेगाचे आकडे ब्रिटिश स्टँडर्डमध्ये हवेतल्या स्टीलसाठी जे सुरक्षित बाजूने दिलेत ते घेतले. ४ आरपीएमच्या मिलवर २ मिलिमीटरची भेग ६ ची व्हायला दोनशे दिवस, म्हणजे एक हंगाम आणि वर थोडं. ६ ची १२ व्हायला ८१ दिवस. १२ ची २५ व्हायला ६० दिवस. २५ ची ५० व्हायला ४० दिवस. बघा, पहिल्या चार मिलिमीटरला दोनशे दिवस आणि शेवटच्या पंचवीस मिलिमीटरला चाळीस. म्हणूनच मागच्या वर्षी यूटीत काही नव्हतं आणि ह्या वर्षी शाफ्टच गेला हे शक्य आहे, त्यात टेस्ट करणाऱ्याने कामचुकारपणा केला असं लगेच म्हणू नका.

ह्या हिशोबात ६ पासून ५० पर्यंत जायला साधारण १८० दिवस मिळतात, म्हणजे कागदावर एक हंगाम निघतो. पण हे कोरड्या हवेत. समुद्राच्या पाण्यातल्या स्टीलसाठी तेच स्टँडर्ड हवेच्या चारपटीहून जास्त वेग धरतं. रसासाठी मी स्वतः निदान तेवढाच धरतो, कारण भेगेत रस मुरला की आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. मग १८० चे फार तर ४५ दिवस होतात, म्हणजे हंगामाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. उलट तुमच्या शाफ्टवर त्या जागी ताण ४० च मेगापास्कल असेल तर हेच दिवस आठपट होतात, रसातही जवळजवळ ३६० दिवस, दोन हंगामांच्या वर. म्हणजे एकाच ६ मिलिमीटरचा अर्थ दीड महिनाही असू शकतो आणि दोन हंगामही. कोणी तुमच्या खांद्यापाशी ताण किती आहे हे न विचारता हो चालवा किंवा नको चालवू असं सांगत असेल तर ऐकू नका. आणि हा हिशोबही ढोबळ आहे, वाकवताना आत जाताजाता ताण कमी होतो, आकाराचा गुणक बदलतो, ५० मिलिमीटरची मर्यादा मी हिशोबापुरती धरलीय. दिशा कळायला मात्र पुरेसा आहे.

इथे एक गैरसमज काढायला हवा, कारण तुम्ही पुढचा शाफ्ट ईएन २४ ह्या जास्त ताकदीच्या मिश्र स्टीलचा करू का असंही विचारलंय. जास्त ताकदीचं स्टील भेग सुरू व्हायला उशीर लावतं, तेही पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोरडा असेल तर. पण एकदा भेग चालू लागली की साध्या ४५सी८ कार्बन स्टीलमध्ये आणि ईएन २४ मध्ये वाढीच्या वेगात फार फरक पडत नाही. त्यामुळे गंज आणि घासणं तसंच ठेवून महाग स्टील घातलं तर पैसे जातील आणि शाफ्टही जाईल. त्याच पैशात खांद्याची गोलाई वाढवा, ती गोलाई टूल मार्क न ठेवता पॉलिश करून घ्या, शक्य असेल तर रोलरने दाबून घ्या म्हणजे पृष्ठभागावर दाबाचा ताण राहतो आणि भेग उघडत नाही, आणि रस आत जाणार नाही असं सील नीट बसवा. मी हे सगळीकडे सांगतो आणि सगळीकडे लोक आधी मटेरियलचाच ग्रेड बदलतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुटलेला तुकडा. तो अजून भंगारात गेला नसेल अशी आशा आहे. दोन तोंडं एकमेकांना जुळवून बघू नका, घासली की पुरावा गेला. वायर ब्रश मारू नका, जवळ गॅस कटिंग करू नका, तेलाचा हलका हात द्या आणि झाकून ठेवा. फटीग असेल तर तोंडावर एका ठिकाणापासून पसरत गेलेल्या कमानी दिसतील. ह्या कमानी म्हणजे एकेक फेरा नाही, मिल थांबली, लोड बदलला की अशी एक रेघ उमटते. मिल शाफ्टवर अनेकदा गडद गंजाचे पट्टेही असतात, ऑफ सीझनमध्ये भेगेच्या आत गंज चढतो म्हणून. असा एक पट्टा दिसला तर भेग त्या ऑफ सीझनच्या आधीपासून होती, दोन दिसले तर त्याच्याही आधीची. ह्या एका गोष्टीवरून ती रात्र, तो ऑपरेटर आणि ती शिफ्ट ह्यांच्यावरचा आरोप बराचसा निकाली निघतो.

ओव्हरलोडचं उत्तरही तिथेच आहे. शेवटी एका झटक्यात तुटलेला भाग खडबडीत असतो. तो एकूण तोंडाच्या अगदी लहान भागात असेल तर साधा लोड कमीच होता, भेग जवळपास अख्खा शाफ्ट कापून गेली तरी उरलेल्यावर तो चालत होता. खडबडीत भाग निम्म्याच्या वर असेल तर पुरवठादाराच्या म्हणण्यात तथ्य आहे. कमानींचं मूळ पृष्ठभागावर असेल तर गोलाई, खड्डे, घासणं ह्यांच्याकडे बघा. मूळ पृष्ठभागाच्या आत असेल, आणि तिथे काही कचरा किंवा पोकळी दिसली, तर फोर्जिंगचा प्रश्न, मग तुमचं बरोबर. कडेने एकाच वेळी अनेक ठिकाणी भेगा सुरू होऊन मध्ये पायऱ्या पडलेल्या असतील तर तिथे ताण गोळा होत होता, म्हणजे बहुतेक गोलाई लहान. आणि भेग काटकोनात न जाता ४५ अंशात स्क्रूसारखी गेली असेल तर वाकण्यापेक्षा पीळ जबाबदार, मग कपलिंग आणि ड्राइव्हकडे जा.

आता दुसरा शाफ्ट, ज्याच्यावर खरं काम करायचंय. आधी ते इंडिकेशन नक्की भेगेचंच आहे का ते ठरवा. शाफ्टच्या टोकावरून सरळ प्रोबने इतक्या लांबवर बघताना खांद्याची पायरी आणि श्रिंक फिटची कड दोन्ही सिग्नल देतात, आणि ६ मिलिमीटर हा आकडा तसा अंदाजच असतो. बेअरिंग काढा, जर्नल आणि खांदा साफ करा, तिथे मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबक आणि लोखंडी चूर्णाने पृष्ठभागावरची भेग दाखवणारी) घ्या, अँगल प्रोबने परत यूटी करा. मागच्या वर्षांचे यूटी रिपोर्ट काढा आणि त्याच जागी आधी काय होतं ते बघा, जुना आकडा असेल तर वाढीचा वेग तुमच्या स्वतःच्या मिलवरचाच मिळाला, त्यापेक्षा चांगला आकडा कुठलंही स्टँडर्ड देऊ शकत नाही.

भेग खांद्यापाशी उघड्यावर असेल आणि उथळ निघाली तर शाफ्ट लेथवर घ्या, भेग पूर्ण जाईपर्यंत टर्निंग करा, परत मॅग्नेटिक टेस्ट, मग गोलाई आधीपेक्षा मोठी ठेवून पॉलिश, आणि बेअरिंग त्या मापाचं करून घ्या. किती मापापर्यंत उतरवता येईल हे व्यास किती आहे आणि लोड किती ह्यावर आहे, ते डिझाइनवाल्याकडून लिहून घ्या.

वेल्डिंगने भरून घ्यायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. देऊ देत, करू नका. वेल्डच्या बाजूला कडक झालेला पट्टा, आत अडकलेला ताण आणि बारीक दोष म्हणजे नवीन भेगेला आयती सुरुवात. मार्च १९८० मध्ये उत्तर समुद्रात अलेक्झांडर एल. कीलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटून १२३ माणसं गेली, आणि त्याची सुरुवात एका ब्रेसवर हायड्रोफोनचा सपोर्ट जोडायला मारलेल्या ६ मिलिमीटरच्या फिलेट वेल्डपाशी झाली होती. मुख्य सांगाड्याच्या मानाने तो सपोर्ट काहीच नव्हता, पण भेगेला सुरू व्हायला तेवढी जागा पुरली. शेलच्या दातांना आर्किंग करताना, म्हणजे वेल्डिंगचे खडबडीत ठिपके मारताना, इलेक्ट्रोड चुकून जर्नलला टेकला तरी तिथे असाच कडक ठिपका पडतो, तो ग्राइंड करून काढा आणि तपासा.

भेग शेलच्या कडेखाली असेल तर मॅग्नेटिक टेस्ट करता येत नाही, दुरुस्तीही करता येत नाही. तिथे मी शेल काढून बघितल्याशिवाय चालवा असं सांगणार नाही. स्पेअर शाफ्ट असेल तर आत्ताच बदला.

आणि समजा स्पेअर नाही, नवीन फोर्जिंगला चार महिने सांगतायत, सभासदांचा ऊस शेतात उभा आहे आणि वरून सुरू करा असा दबाव आहे. हे होतं, मला माहितीये. उघड्यावरची, मोजलेली, उथळ भेग असेल आणि ताणाचा हिशोब साथ देत असेल तरच पुढचं वाचा. त्या मिलचं हायड्रॉलिक प्रेशर २० टक्के उतरवा. वाकण्याचा बहुतेक ताण तिथूनच येत असेल तर भेगेचा वेग निम्म्यावर येतो, त्या मिलवर रस थोडा कमी निघेल, ते सहन करा. बेअरिंग एका बाजूला झिजलेलं असेल, टेल बार (ड्राइव्ह आणि रोलर जोडणारा दांडा) ओढत असेल तर आधी ते सरळ करा. आणि तपासणीचं अंतर असं ठेवा की हिशोबाने जेवढे दिवस उरतात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात एकदा तरी यूटी होईल, म्हणजे एक तपासणी चुकली तरी दुसरी हातात राहते. वर ४५ दिवस आले होते, तर दर पंधरा दिवसांनी, साफसफाईच्या बंदला, तोच माणूस, तोच प्रोब, तीच जागा. वाढ दिसली आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त दिसली तर त्याच दिवशी मिल थांबवा. ऊस मोठा आहे पण तो शाफ्ट तुटला तर शेजारी उभा असलेला फिटर आपलाच माणूस आहे.

मध्येच कोणी म्हणेल की एकदा मोठा लोड आला की भेग थांबते. अर्धं खरं आहे. एखादा मोठा झटका आला की टोकापुढे दाबाचा ताण राहून वाढ काही काळ मंदावते. पण मिलमध्ये लोखंड आल्यावर भेगेचं टोक मंदावेल का जागच्या जागी फाटेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे ह्यावर भिस्त ठेवू नका. टोकाशी भोक पाडून भेग थांबवायची युक्ती हेडस्टॉकच्या (मिलच्या बाजूच्या सांगाड्याच्या) प्लेटवर तात्पुरती चालते, शाफ्टवर नाही.

पुढचं बोलायला मला चार गोष्टी लागतील. जर्नलचा व्यास आणि खांद्याची सध्याची गोलाई, हायड्रॉलिकचं चालू प्रेशर आणि रॅमचा (दाब देणाऱ्या दट्ट्याचा) व्यास, मिलचा आरपीएम, आणि इंडिकेशन टोकापासून किती अंतरावर, परिघावर किती लांब. शक्य झालं तर तुटलेल्या तोंडाचा फोटो तिरक्या उजेडात काढा, समोरून फ्लॅश मारला तर कमानी दिसत नाहीत. हे टाकलंत की त्या जागचा ताण काढून दिवसांचा हिशोब इथेच करून देतो.